पाठीचा कणा, धातूचा आधार आणि जिवाणूची साक्ष

(रुग्णालयाच्या वार्षिक दिनी विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून मी आपल्यासमोर जमाखर्च सादर करतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. शस्त्रक्रियेची सुरी मी हाती धरलेली नाही आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिले ते केवळ कुतूहलापोटी. यंदा मात्र अध्यक्ष महोदयांनी मला आज्ञा केली, की आकड्यांमागील गोष्ट सांगा. त्याला कारणही तसेच घडले. पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी आपण जी उपकरणे घेतली, त्यांचे सर्वांनी स्वागत केले. पण त्याच पानावर खाली निर्जंतुकीकरण विभाग आणि प्रयोगशाळा यांचा खर्च होता. तो पाहून एका ज्येष्ठ देणगीदारांनी मला दूरध्वनी करून विचारले, "साहेब, यंत्र दिसते, त्याचा उपयोग कळतो. पण या नळ्या आणि किट यांवर एवढा पैसा कशासाठी?"

प्रश्न अगदी रास्त होता. दिलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मागण्याचा देणगीदारांना अधिकार आहे. त्यांना दूरध्वनीवर मी जे थोडक्यात सांगितले, तेच आज सविस्तर सांगतो. वैद्यकीय बाबतीत माझी चूक झाली, तर आमचे शल्यचिकित्सक समोरच बसलेले आहेत, ते ती दुरुस्त करतील.

आपल्या शरीराचा सारा डोलारा ज्यावर उभा आहे, तो पाठीचा कणा म्हणजे एकावर एक रचलेल्या मणक्यांची माळ. जन्मतः हे मणके ३३ असतात. मानेचे ७, पाठीचे १२ आणि कमरेचे ५ असे २४ मणके आयुष्यभर सुटे राहतात, तर खालचे ९ वाढत्या वयात एकमेकांशी जुळून जातात. या माळेच्या पोकळीतून करंगळीच्या जाडीचा मज्जारज्जू उतरतो. हातापायांची हालचाल, त्वचेची संवेदना, मलमूत्रावरचा ताबा हे सारे त्याच्या स्वाधीन आहे. मणका खचला, सरकला किंवा रोगाने पोखरला गेला की दुखणे पाठीपुरते राहत नाही. माणसाचे पाय जातात आणि पायांबरोबर घराची मिळकतही जाते. ज्या घरांत हे घडले आहे, त्या घरांतील मंडळी आज येथे बसली आहेत. त्यांना मी वेगळे काय सांगणार?

कण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचताना मला एका गोष्टीचे नवल वाटले. ही शस्त्रक्रिया वाढली ती बरीचशी जिवाणूंनी केलेल्या नासाडीतून. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली पाठीला कुबड येऊन पाय लुळे पडणाऱ्या रुग्णांचे वर्णन लिहून ठेवले. तो कण्याचा क्षयरोग होता. त्याचे कारण असलेला जिवाणू रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे २४ मार्च १८८२ रोजी जगासमोर मांडला. पुढे १८९१ साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात बर्थोल्ड हाड्रा यांनी मोडलेल्या मानेचे मणके तारेने बांधल्याची हकीकत प्रसिद्ध केली आणि क्षयाने पोखरलेल्या कण्यालाही असाच आधार देता येईल, असे सुचविले. न्यूयॉर्कमध्ये १९११ साली रसेल हिब्ज आणि फ्रेड आल्बी यांनी स्वतंत्रपणे मणके एकमेकांशी कायमचे जुळवण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. आल्बी यांनी तर रुग्णाच्याच नडगीच्या हाडाची पट्टी काढून ती मणक्यांत बसविली. या दोघांपुढेही मुख्यतः क्षयाचेच रुग्ण होते.

त्यानंतरचा टप्पा पोलिओचा. टेक्सासमधील ह्यूस्टन येथे पॉल हॅरिंग्टन या शल्यचिकित्सकांकडे पोलिओने पाठ वाकडी झालेली मुले येत. श्वास आधीच अशक्त झालेल्या या मुलांना छातीभोवतीचे प्लास्टर सोसवत नसे. हॅरिंग्टन यांनी स्टीलची सळई आणि आकडे यांची रचना केली. सळईला दाते होते आणि मोटारीचा जॅक जसा एकेक दाता वर चढतो, तसा आकडा चढवून वाकलेला कणा ताणता येई. आरंभी सळया मोडत, आकडे निसटत. शेवटी त्यांच्या ध्यानात आले, की सळई कण्याला काही काळच धरून ठेवते, खरा जोड हाडाचाच लागतो. दहा-बारा वर्षांच्या खटाटोपानंतर १९६२ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

पॅरिसचे रेमंड रॉय-कामीय यांनी १९६३ साली दुसरी वाट काढली. मणक्याच्या मागच्या बाजूस डावी-उजवीकडे खुंटासारखे दोन भाग असतात, त्यांना पेडिकल म्हणतात. त्यांतून थेट मणक्याच्या गाभ्यात स्क्रू बसवायचा आणि असे स्क्रू पट्टीने एकत्र बांधायचे, ही ती कल्पना. आज जगभर कण्याच्या शस्त्रक्रियेत हाच स्क्रू सर्वाधिक वापरला जातो. मेक्सिकोचे एदुआर्दो लुके यांनी १९७० च्या दशकात प्रत्येक मणका तारेने सळईला बांधण्याची पद्धत रूढ केली. त्यांच्या रुग्णांना उष्ण हवेत महिनोन्महिने प्लास्टर सांभाळणे कठीण जाई, म्हणून प्लास्टरची गरजच उरू नये, असा त्यांचा प्रयत्न होता. एखादा मोठा शोध रुग्णाच्या अडचणीतून निघतो, याचे हे उदाहरण मला फार जवळचे वाटते. त्यानंतर फ्रान्सचे इव्ह कोत्रेल आणि झां द्युबूसे यांनी १९८० च्या दशकात अनेक ठिकाणी पकडणारी दुहेरी सळई आणली, आणि पुढे स्टीलची जागा बऱ्याच अंशी टायटॅनियमने घेतली. टायटॅनियम असूनही एमआरआयचे चित्र पुष्कळसे स्पष्ट येते, हा त्याचा मोठा लाभ.

आपल्या थिएटरात नव्याने आलेले सी-आर्म यंत्र याच परंपरेतले आहे. स्क्रू जेथे बसवायचा, तेथून मज्जारज्जू काही मिलिमीटर अंतरावर असतो. शल्यचिकित्सकाच्या हाताला त्या वेळी पडद्यावर दिसणाऱ्या क्ष-किरण चित्राची सोबत लागते. हे यंत्र ज्या कुटुंबाने दिले, त्यांच्या दिवंगत मातोश्रींच्या नावाचा फलक थिएटरच्या दाराशी लावलेला आहे. त्यांचे ऋण मी संस्थेच्या वतीने व्यक्त करतो.

येथवर सारे डोळ्यांना दिसणारे झाले. आता न दिसणाऱ्या गोष्टीकडे वळतो.

आपल्या त्वचेवर आणि नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जिवाणू सहज वस्ती करतो. दर तीन-चार माणसांपैकी एकाच्या नाकात तो असतो आणि बहुधा काही त्रास देत नाही. पण शरीरात धातू बसविला की परिस्थिती बदलते. धातूवर काही क्षणांतच आपल्या रक्तातील प्रथिनांचा पातळ थर बसतो. त्यांत रक्त गोठविणारे फायब्रिनोजेन असते. या जिवाणूच्या अंगावर नेमके फायब्रिनोजेनला पकडणारे एक प्रथिन आहे. शास्त्रज्ञ त्याला क्लम्पिंग फॅक्टर म्हणतात, मी त्याला जिवाणूचा आकडा म्हणतो. हॅरिंग्टन यांच्या आकड्याने कणा धरला, या आकड्याने जिवाणू धातू धरतो. एकदा पकड बसली की जिवाणू आपल्याभोवती चिकट थर विणतात. त्या थरात प्रतिजैविके नीट परिणाम करू शकत नाहीत. मग पुष्कळदा जखम पुन्हा उघडून धुवावी लागते आणि काही वेळा ज्या धातूवर कणा उभा केला, तोच काढावा लागतो. अँथनी ग्रिस्टिना या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी १९८७ साली याचे वर्णन शर्यत असे केले. धातूच्या पृष्ठभागावर आधी शरीराच्या पेशी पोहोचतात की जिवाणू, यावर पुढचे सारे ठरते.

हा आकडाच निकामी करता येईल का, असा विचार संशोधकांच्या मनात येणे साहजिक होते. फायझर कंपनीने या जिवाणूविरुद्ध चार घटकांची लस तयार केली. त्यांतील दोन घटक जिवाणूच्या बाह्य आवरणातील शर्करा होत्या आणि दोन त्याची प्रथिने होती, त्यांत हा क्लम्पिंग फॅक्टरही होता. लसीची मोठी चाचणी २०१५ साली सुरू झाली, आणि ती मणके जोडण्याची शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णांवरच घेण्यात आली. तीन हजारांहून अधिक रुग्ण तीत सहभागी झाले. लसीने शरीरात प्रतिपिंडे निर्माण झाली, परंतु संसर्ग काही कमी होत नाही असे दिसून आल्याने डिसेंबर २०१८ मध्ये चाचणी थांबविण्यात आली. अपयशी चाचणीची गोष्ट वार्षिक दिनी का सांगतो, असे कोणी म्हणेल. एवढे धन आणि एवढी बुद्धी खर्चूनही या जिवाणूवर लस हाती आली नाही, म्हणजे हात धुणे, उपकरणे घासणे आणि वाफेने निर्जंतुक करणे ही जुनी कामे आपल्याला अजून कितीतरी वर्षे तितक्याच निष्ठेने करावी लागणार आहेत. त्या कामांचा खर्च अहवालाच्या त्याच पानावर आहे, ज्याविषयी मला प्रश्न विचारला गेला.

आता त्या नळीकडे येतो.

शस्त्रक्रियेची उपकरणे आपण ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालील वाफेने निर्जंतुक करतो. गठ्ठ्यावर लावलेल्या पट्टीवर काळ्या रेघा उमटतात. पुष्कळांना वाटते, की रेघा उमटल्या म्हणजे काम झाले. खरे तर रेघा एवढेच सांगतात, की हा गठ्ठा वाफेत जाऊन आला. आतल्या जिवाणूंचा नाश झाला की नाही, हे ती पट्टी सांगू शकत नाही. ते सांगण्यासाठी जिवाणूच साक्षीला बोलवावा लागतो. जिओबॅसिलस स्टीअरोथर्मोफिलस नावाचा एक निरुपद्रवी जिवाणू आहे. त्याचे बीजाणू उष्णतेला विलक्षण चिवट असतात. बोटभर लांबीच्या नळीत असे बीजाणू ठेवून ती नळी उपकरणांच्या गठ्ठ्यांबरोबर वाफेत पाठवतात. इतका चिवट जीव मेला, तर बाकीचे जिवाणू मेले असे मानता येते.

पूर्वी या नळीचा निकाल यायला दोन दिवस लागत. बीजाणू जिवंत असतील तर ते वाढून द्रवाचा रंग बदलण्याची वाट पाहावी लागे. पुढे संशोधकांनी या जिवाणूच्याच एका प्रथिनाचा उपयोग करून घेतला. अल्फा-ग्लुकोसिडेज नावाचे ते विकर आहे. बीजाणू तगून राहिला असेल तर हे विकरही कार्यक्षम राहते, आणि नळीतील पदार्थाचे विघटन करून अतिनील प्रकाशात चमक निर्माण करते. या पद्धतीने निकाल काही तासांत मिळू लागला, आणि नंतरच्या सुधारणांमुळे तासाभराच्या आत. शरीरात कायमचा राहणारा धातू ज्या गठ्ठ्यात असेल, तो नळीचा निकाल हाती आल्याशिवाय वापरू नये, असा नियम आहे.

हा नियम मला गेल्या पावसाळ्यात समजला, आणि तो समजला तेव्हा मी चुकीच्या बाजूला उभा होतो, हे आज सर्वांसमोर सांगणे मला उचित वाटते.

परांचीवरून पडून कमरेचा मणका फुटलेला एक तरुण गवंडी आपल्याकडे दाखल झाला होता. स्क्रू आणि सळयांचा संच पुरवठादाराकडून आदल्या रात्री आला. असे संच एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात फिरत असतात, म्हणून ते आपल्याकडे पुन्हा धुऊन निर्जंतुक करावे लागतात. सकाळी आठला शस्त्रक्रिया ठरली होती. भूलतज्ज्ञ बाहेरगावाहून आले होते. रुग्णाचा थोरला भाऊ रजा काढून, उसनवारी करून गावाहून आला होता. साडेसातच्या सुमारास निर्जंतुकीकरण विभागाच्या प्रमुख सिस्टरांनी मला कळविले, की नळी चमकते आहे, संच देता येणार नाही.

मी खाली गेलो. गठ्ठे पाहिले. सर्व पट्ट्यांवर रेघा काळ्याभोर होत्या. मी सिस्टरांना म्हणालो, "अहो, पट्टी तर बरोबर आहे. एखादी नळी सदोष असू शकते. एवढ्यावरून सगळे थांबवायचे?" माझ्या डोळ्यांपुढे त्या वेळी थिएटरचे वाया जाणारे तास, भूलतज्ज्ञांचे मानधन आणि बाहेर उभा असलेला तो भाऊ होता. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "सर, नळी सदोष असेल तर दुसरी नळी तसे सांगेल. तोवर हा संच माझ्या सहीने बाहेर जाणार नाही. आपण लेखी आदेश दिलात, तरी मी तो फाइलला लावीन, पण सही करणार नाही."

शल्यचिकित्सकांनी तत्काळ सिस्टरांची बाजू घेतली. शस्त्रक्रिया पुढे ढकलली. भावाची समजूत घालण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्याने मला जे ऐकविले ते मी निमूटपणे ऐकून घेतले. गरिबाचा दिवस वाया घालवताना आम्हाला काही वाटत नाही, असे तो म्हणाला. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. दुपारी तंत्रज्ञाने ऑटोक्लेव्ह तपासला. दाराचे रबरी गॅस्केट एका बाजूला झिजले होते. निर्वात करताना तेथून हवा आत शिरत होती आणि गठ्ठ्यांच्या गाभ्यात वाफ पोहोचत नव्हती. बाहेरच्या पट्टीला उष्णता लागली, तिने रेघा दाखविल्या, ती आपल्या परीने खरेच बोलली होती. शेवटच्या चांगल्या निकालानंतर त्या ऑटोक्लेव्हमधून निघालेले सर्व गठ्ठे परत मागविले. दुसऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये संच नव्याने निर्जंतुक झाला, नळी अंधारीच राहिली, आणि दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया पार पडली.

तो संच त्याच सकाळी वापरला असता तर जखम चिघळलीच असती, असा दावा मी करणार नाही. कदाचित काहीच झाले नसते. पण त्या 'कदाचित'वर एका तरुणाचे पाय लावण्याचा अधिकार मला कोणी दिला होता? तो तरुण आज सभागृहात नाही, कारण तो कामावर गेला आहे. परांचीवर चढायचे नाही असे डॉक्टरांनी बजावल्यामुळे ठेकेदाराने त्याला गोदामात माल मोजायला बसविले आहे. आणि सिस्टरांची मी त्याच आठवड्यात जाऊन क्षमा मागितली.

बंधू-भगिनींनो, ज्या नळीविषयी मला विचारणा झाली, ती हीच. आता प्रयोगशाळेच्या किटविषयी सांगतो. त्यासाठी मला माझ्या घरातली गोष्ट सांगावी लागेल.

१९८५ साली मी अकरावीत होतो. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी असलेली ताई पाठदुखीने बेजार झाली. रात्री दुखणे वाढे, संध्याकाळी बारीक ताप येई, अन्न जाईना. तालुक्याच्या गावी तिला कमरेचा पट्टा, मलम आणि विश्रांती सांगण्यात आली. सात महिने असेच गेले. एके दिवशी न्हाणीघरातून बाहेर येताना तिचे पाय लटपटले, ते पुन्हा सरळ उभे राहीनात. वडिलांनी बैलजोडी विकली आणि तिला मुंबईस नेले. तेथे क्ष-किरण चित्र, रक्ताची तपासणी आणि हातावर टोचून करायची ट्युबरक्युलिन चाचणी झाली. कण्याचा क्षयरोग निघाला. शस्त्रक्रिया झाली आणि दीड वर्ष औषधे चालली. ताई उठली, पण काठी कायमची हातात आली. आजही ती काठी घेऊनच चालते, आणि पाऊल टाकताना अजूनही आधी खाली पाहते.

त्या ट्युबरक्युलिनचीही एक कहाणी आहे. क्षयाच्या जिवाणूची प्रथिने ज्यात आहेत, असा तो अर्क कॉख यांनी १८९० साली औषध म्हणून जाहीर केला. औषध म्हणून तो सपशेल फसला, पण निदानासाठी उपयोगी पडला. अमेरिकेत फ्लॉरेन्स सायबर्ट या विदुषींनी १९३० च्या दशकात त्यातील प्रथिने शुद्ध स्वरूपात वेगळी केली आणि चाचणीला एकसारखेपणा आला. तरीही ती चाचणी एवढेच सांगते, की हा जिवाणू कधीतरी या शरीरात शिरला होता. आपल्या देशात असे शरीर शोधायला दूर जावे लागत नाही. दुखणाऱ्या मणक्यात आज तोच आहे काय आणि त्याला कोणते औषध चालेल, याचे उत्तर तिच्याजवळ नव्हते.

ते उत्तर मिळाले दुसऱ्याच एका जिवाणूच्या प्रथिनातून. अमेरिकेतील यलोस्टोन येथील उष्ण झऱ्यांत थॉमस ब्रॉक आणि त्यांचे विद्यार्थी हडसन फ्रीझ यांना १९६० च्या दशकात थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा जिवाणू सापडला. त्याचे एक विकर उकळीजवळच्या तापमानातही काम करीत राहते. कॅरी मुलिस यांनी १९८३ साली मांडलेल्या पीसीआर पद्धतीला हेच विकर पुढे आधार ठरले, आणि मुलिस यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जिवाणूच्या जनुकाचा अंश नमुन्यात नाममात्र असला, तरी या पद्धतीने त्याच्या असंख्य प्रती काढून तो ओळखता येतो. क्षयावरील रिफाम्पिसिन हे औषध जिवाणूच्या आरएनए पॉलिमरेज या प्रथिनाला बांधून त्याचे काम थांबविते. त्या प्रथिनाचे जनुक बदलले असेल तर औषध लागू पडत नाही. जीनएक्स्पर्ट हे यंत्र क्षयाचा जिवाणू आणि हा बदल या दोन्ही गोष्टी साधारण दोन तासांत दाखविते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये त्यास मान्यता दिली. त्यानंतर गोव्यातील मोलबायो कंपनीचे ट्रुनॅट हे लहान, बॅटरीवर चालणारे यंत्रही २०२० साली संघटनेच्या शिफारशीत आले. कण्यातून सुईने काढलेल्या पुवात जिवाणू थोडे असतात, त्यामुळे निकाल नकारार्थी आला तरी डॉक्टर पेशींची तपासणी आणि कल्चर यांचाही आधार घेतात. पण सात महिने अंधारात चाचपडण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत.

क्षयाने पोखरलेल्या, पू साठलेल्या कण्यात धातू बसवावा काय, अशी शंका शल्यचिकित्सकांना पूर्वी फार भेडसावत असे. जपानमधील संशोधकांनी १९९३ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्टॅफिलोकोकसच्या कुळातील जिवाणू धातूवर दाट थर करतात, क्षयाचा जिवाणू मात्र धातूला फारसा चिकटत नाही, असे त्यांना आढळले. त्यामुळे योग्य औषधांच्या संरक्षणाखाली अशा कण्यालाही स्क्रूचा आधार देता येतो, हा विश्वास बळावला.

तथापि हेही लक्षात ठेवले पाहिजे, की कण्याच्या प्रत्येक क्षयरुग्णाला शस्त्रक्रिया लागत नाही. कोरियातील मासान येथे झालेल्या चाचण्यांनी १९७० च्या दशकात दाखविले, की नियमित औषधे घेतल्यास महिनोन्महिने खाटेवर पडून राहण्याची गरज नसते. आपल्याकडे वाराणसीचे डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ साली 'मध्यम मार्ग' मांडला. सर्वांना औषधे द्यावीत, आणि ज्यांना औषधांनी उतार पडत नाही वा ज्यांची शक्ती घटत जाते त्यांच्यावरच शस्त्रक्रिया करावी, हे त्याचे सार. वेळेवर झालेले निदान म्हणजे पुष्कळ घरांसाठी टळलेली शस्त्रक्रिया असते. वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून मी म्हणेन, की जमाखर्चात या बचतीचा रकानाच नसतो.

आता नातेवाइकांना दोन शब्द. काही आठवडे न हटणारी पाठदुखी, तिच्यासोबत संध्याकाळचा ताप, घटणारे वजन किंवा पायांना येणाऱ्या मुंग्या दिसल्या, तर पट्टा आणि मलम यांवर थांबू नका. निदान क्षयाचे झाले, तर औषधे किमान १२ महिने आणि काहींना १८ महिने घ्यावी लागतात. दुखणे तिसऱ्या महिन्यात थांबते आणि गोळ्या चौथ्या महिन्यात सुटतात, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. कृपया तसे होऊ देऊ नका. शासनाच्या निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेतो रुग्णाच्या खात्यात आहारासाठी रक्कम जमा होते. एप्रिल २०१८ पासून ती दरमहा ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० रुपये झाली. नोंदणी झाली आहे ना, हे आमच्या समाजसेवा कक्षात अवश्य विचारा.

देणगीदारांना माझी नम्र विनंती आहे. आपण यंत्रे देता, त्यावर प्रियजनांचे नाव कोरले जाते, हे योग्यच आहे. यंत्रे हवीतच. त्यांच्याशिवाय तो गवंडी उभा राहिला नसता. परंतु जेव्हा आपण एक यंत्र द्याल, तेव्हा त्याच्या किमतीचा थोडा अंश तपासणीच्या नळ्या, गॅस्केट, प्रयोगशाळेची किट आणि लांबच्या गावाहून औषधासाठी येणाऱ्या रुग्णाचे एसटी भाडे यांसाठीही राखून ठेवावा. विश्वस्त मंडळाच्या संमतीने आम्ही यंदापासून असा स्वतंत्र निधी उघडत आहोत. नळीवर फलक लावता येत नाही, एकदा वापरली की ती टाकून द्यावी लागते. म्हणून या निधीचा जमाखर्च मी दरवर्षी वेगळ्या पानावर देईन. किती नळ्या वापरल्या, किती वेळा त्या चमकल्या आणि प्रत्येक वेळी आम्ही काय केले, हे त्यात लिहिलेले असेल. आमच्या चुकाही त्याच पानावर असतील.

ज्या ज्येष्ठ देणगीदारांनी मला प्रश्न विचारला, त्यांनी हे सारे ऐकून घेतल्यावर या निधीत पहिली रक्कम पाठविली, आणि पावतीवर नाव न घालण्याची सूचना केली. त्यांच्या इच्छेचा मान राखून मी त्यांचे नाव घेत नाही. शेवटी, निर्जंतुकीकरण विभागात रात्रभर वाफेत उभे राहणारे आमचे कर्मचारी, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, आणि प्रशासकासमोर सहीचे पेन खाली ठेवणाऱ्या त्या सिस्टर यांना मी संस्थेच्या वतीने मनःपूर्वक धन्यवाद देतो.